भिंती धरायच्या की सोडायच्या

“दादा, येनटोल्याच्या त्या पाडायच्या वसतिगृहाकडे जायला गाडी कुठून मिळेल?”

हे मी ज्याला विचारलं, तो माणूस कोहमाऱ्याच्या चौकात मोटरसायकलच्या मागच्या सीटवर वांग्यांचं पोतं बांधत होता. जानेवारीचं कोवळं ऊन होतं, ढाब्यांसमोर ट्रक उभे होते, आणि माझी एस.टी. मला उतरवून धूळ उडवत निघून गेली होती. त्याने हातातली गाठ अर्धवट सोडली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या पिवळ्या पेटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“कोण पाडून राहिलं ते?”

“अजून पाडलं नाही कुणी,” मी हसत म्हणाले. “आमच्या कॉम्प्युटरनं तेवढं पाडलंय.”

तो हसला नाही. पण त्याच्या डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं... पोतं सोडून त्याने माझ्याकडे सरकवलं.

“बसा मग. मी तिकडेच चाललो. वांगी मांडीवर घ्यावी लागतील.”

चौदा किलोमीटर मी वांगी मांडीवर घेऊन बसले होते. दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या – भाताची खाचरं – मध्येच पाण्याने भरलेला तलाव, त्यात शिंगाड्याच्या वेली. मीच बडबडत होते – तीस वर्षांची जुनी इमारत, लोक अशा इमारतींना उगीच धरून बसतात, वगैरे. तो फक्त खड्डा आला की म्हणायचा, “सांभाळा.”

येनटोल्याला शाळेच्या आवारात गाडी थांबली आणि दहाबारा मुली धावत आल्या. “सर आले! मडावी सर आले!”

मी वांग्यांसकट तशीच बसून राहिले.

“तुम्ही... इथले?”

“लखन मडावी. गणित शिकवतो.” त्याने माझ्या मांडीवरचं पोतं अलगद उचललं. “तुमच्या कॉम्प्युटरनं पाडलं ना, त्याच्यात मी पाचवीपासून बारावीपर्यंत राहिलो. तेव्हा मुलांचं होतं. आता वर बासष्ट मुली झोपतात.” आणि मग, पहिल्यांदाच हसून – “या, मॅडम. पडायच्या आधी चहा घेऊन घ्या.”

मला वाटलं, आत्ता या क्षणी जमीन हलली तर बरं होईल.

मी रुचि रहांगडाले. घर गोंदियाला, कुडव्यात. नोकरी नागपूरला, इमारतींची ताकद तपासणाऱ्या एका छोट्या ऑफिसात. ते २०१४ साल होतं. येनटोल्याच्या संस्थेला वसतिगृहाची मान्यता नव्याने हवी होती आणि त्यासाठी इमारत भूकंपात टिकेल असा दाखला मागितला गेला होता. संस्थेने एक जुना नकाशा पाठवला. जागा न पाहताच मी त्यावरून कॉम्प्युटरमध्ये इमारत उभी केली, तिला हलवून पाहिलं, आणि तिन्ही मजल्यांवरचे बहुतेक खांब लाल झाले. लाल म्हणजे नापास. आमच्या सरांनी संस्थेला कळवून टाकलं – प्राथमिक मत असं की इमारत पाडावी लागेल; प्रत्यक्ष पाहणीनंतर पक्कं सांगू. त्या पाहणीसाठी मी आले होते.

त्या दिवशी मी खांबांवर ठोकत फिरले. माझ्या पेटीत एक हातोडा होता, स्प्रिंगचा. काँक्रीटवर दाबला की तो उसळून मागे येतो आणि किती उसळला त्यावरून काँक्रीट किती पक्कं आहे याचा अंदाज येतो. तळमजल्यावर जेवणाचं मोठं सभागृह होतं. एका टोकाला स्वयंपाकघर, बाकी सगळं मोकळं – खांबच खांब. वरच्या दोन मजल्यांवर मुलींच्या झोपायच्या आणि अभ्यासाच्या खोल्या, विटांच्या भिंतींनी भरलेल्या.

स्वयंपाकीणबाई धुरपताबाई डाळ ढवळता ढवळता माझ्याकडे बघत होत्या.

“कायले ठोकून राहिली व पोरी? त्यानं काय केलं तुहं?”

“खांब बोलतो का बघतेय, मावशी.”

“बोलला त मले सांगजो. तीस वरसापासून मीच बोलतो त्याच्याशी.”

लखन सर मधल्या सुट्टीत आले. मी टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. ते माझ्या मागे उभे राहिले, बरंच अंतर ठेवून. त्यांच्या हाताला खडूचा वास येत होता.

“हे आमचं वसतिगृह?”

“हो.”

“सगळ्या रेघाच आहेत.”

“खांब म्हणजे उभी रेघ, तुळई म्हणजे आडवी रेघ.”

“आणि भिंती?”

“भिंती धरत नाही आम्ही.” मी ऐटीत सांगितलं. “भिंतींचं वजन धरतो. ताकद धरत नाही.”

त्यांनी लॅपटॉपवरच्या रेघा पुन्हा पाहिल्या. मग हळूच म्हणाले, “म्हणजे ओझं मोजायचं आणि मदत मोजायची नाही?”

“आमच्या घरी असंच होते,” धुरपताबाई चुलीजवळून म्हणाल्या.

मी हसले, पण मला जरा टोचलंही. मी समजावू लागले – विटा लवकर फुटतात, त्यांचा भरवसा नसतो, उद्या कुणी नवं दार करायला भिंतच काढली तर? म्हणून सोडून द्यायच्या, म्हणजे आपण सुरक्षित बाजूला राहतो.

“पटलं,” ते म्हणाले. “पण फुटेपर्यंत तर त्या तिथंच असतील ना? हलताना मधे येतीलच.”

आणि ते उठून गेले. मला वाटलं रागावले. पण परत आले तेव्हा त्यांच्या हातात पहिलीच्या मुलांच्या दोन पाट्या होत्या. एकीतला दगड फुटून गेला होता, नुसती लाकडी चौकट उरली होती. त्यांनी ती टेबलावर उभी धरली आणि वरच्या कोपऱ्याला बोटाने ढकललं. चौकट तिरपी झाली. मग दुसरी, दगड असलेली पाटी उभी धरली, तसंच ढकललं. जागची हलली नाही.

“दोन्हीच्या काड्या सारख्याच आहेत, मॅडम,” ते म्हणाले.

एवढं मला कॉलेजात शिकवलं होतं. मी परीक्षेत लिहिलंही होतं. पण हिवाळ्याच्या दुपारी, शिजणाऱ्या डाळीच्या वासात, कुणी माझ्यासमोर दोन पाट्या धरल्या नव्हत्या.

मी त्यांच्या हातातून पाट्या घेतल्या. बोटांना बोटं लागली... मी लक्ष नसल्यासारखं केलं. रिकामी चौकट खाली ठेवली, दगडाची पाटी तिच्यावर. वरच्या पाटीला ढकललं. वरची जशीच्या तशी राहिली, आणि खालची रिकामी चौकट एकदम तिरकी होऊन दोन्ही टेबलावर पडल्या.

आम्ही दोघांनीही एकाच वेळी वर पाहिलं. वर भिंतींनी भरलेले दोन मजले होते. आणि आम्ही बसलो होतो ते सभागृह चारी बाजूंनी मोकळं.

“इथं रोज सगळी शाळा जेवते,” लखन सर म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता.

“मी बघते,” मी म्हणाले. “भिंती धरून बघते.”

पुढचे दोन आठवडे मी तेच करत होते. प्रत्येक भिंतीच्या जागी कॉम्प्युटरमध्ये एक तिरपी काठी टाकायची, चौकटीला आतून टेकू दिल्यासारखी. हळूहळू वरचे दोन मजले हिरवे झाले. तळमजला मात्र पहिल्यापेक्षाही लाल. म्हणजे इमारत सगळीच वाईट नव्हती. दुखणं एका ठिकाणी होतं. पाडण्याची गरज नव्हती, तळमजला पक्का केला की पुरे. पण नेमका किती कमजोर आहे, हे शोधायचं होतं आणि त्यासाठी मोजमापं हवी होती. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

“सर, जेवणघराच्या तिसऱ्या खांबाची रुंदी सांगता का?”

फोनवरून मला त्यांच्या चपलांचा आवाज येई, मग टेपचा. “नऊ इंच.”

“आणि चौथ्याची?”

“नऊच. मॅडम, सगळे नऊच आहेत. तुम्ही काल विचारलं होतं.”

“...काल दुसरी रांग विचारली होती.”

“हो का?” आवाजात हसू. “मग पाचव्याचंही सांगतो. नऊ.”

“बरं.”

“अजून काय मोजू?”

“काही नाही.”

“मग फोन ठेवू?”

“ठेवा नं.”

कुणीच ठेवत नसे. मागून मुलींचे पाढे ऐकू येत असत.

शनिवारी मी कुडव्याला घरी यायची आणि रविवारी सकाळच्या एस.टी.ने येनटोला. आईला – रामबाईला – सांगायची की साइट आहे. आई म्हणायची, “साइटवर जाताना कानातले कायले घालून राहिली?” मी पेटी उचलून निघायची.

दुसऱ्या फेरीत आम्ही इमारतीच्या पायाशेजारची माती खणून पाहिली. तिसऱ्या फेरीत त्यांनी मला उकडलेले शिंगाडे सोलायला शिकवले, कारण गोंदियात वाढून मला ते धड सोलता येत नाहीत याचं त्यांना फार नवल वाटलं होतं.

“टोकापासून नाही. मधून दाबा.”

“तुम्हीच सोलून द्या ना.”

“मी दिले तर तुम्ही शिकणार कधी?” असं म्हणत त्यांनी सोललेला शिंगाडा माझ्यापुढे ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. मी काहीच शिकले नाही.

“तुम्ही वर्गात पण असंच शिकवता?”

“वर्गातली मुलं अशी बघत नाहीत,” ते म्हणाले आणि स्वतःच इतके गोंधळले की हातातलं साल खाऊन बसले.

त्याच आठवड्यात माझ्याकडून ते झालं.

खांबांवर ठोकून घेतलेल्या आकड्यांमध्ये मेळ नव्हता. काही खांब दणकट वाटत होते, काही पोकळ. एका खांबाच्या दोन बाजूंनी दोन वेगळी उत्तरं दिली होती. हिशेबात काँक्रीटची ताकद किती धरायची, हे मला ठरवायचं होतं. सगळ्यांची सरासरी घ्यायची, की कमीतला आकडा? दोन्हींना कारणं देता येत होती. मी सरासरी घेतली. मग खांब जमिनीत घट्ट रुतले आहेत असं धरलं. तेही धरता येत होतं. कॉम्प्युटरचा पडदा उजळला. तळमजला हिरवा! एक खांब सोडला तर सगळा हिरवा. काही करायलाच नको – थोडी डागडुजी, बस.

मला इतका आनंद झाला की मी फोन हातात घेतला. मला त्यांचा चेहरा दिसत होता. मी त्यांना म्हणणार होते, “तुमचं वसतिगृह उभं राहिलं!”

आणि नंबर लावता लावता मी थांबले.

मला आनंद कशाचा झाला होता? बासष्ट मुलींचा विचार माझ्या मनात कुठेच नव्हता. होता फक्त एक माणूस, खडूच्या हातांचा. जिथे जिथे दोन वाटा होत्या, तिथे तिथे मी त्याला आवडेल तीच घेतली होती... एकदाही चुकून दुसरी नाही.

मी तोच हिशेब कमी आकडे धरून केला. अकरा खांब लाल.

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी मी येनटोल्याला गेले. शाळेच्या मागे इटियाडोह धरणाचा कालवा आहे. उन्हाळी धानासाठी पाणी सोडलं होतं आणि ते तुडुंब, शांत चाललं होतं. मी त्यांना तिथे बोलावलं आणि दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले.

“एकच इमारत. हे एक उत्तर, हे दुसरं. दोन्ही मीच काढली.”

त्यांनी हिरवा कागद बराच वेळ पाहिला. मग लाल.

“खरं कोणतं?”

“माहीत नाही. मी हे आधी काढलं.” मी हिरव्यावर बोट ठेवलं. “आणि हे काढताना मी... तुमच्याकडे झुकून हिशेब केला.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्हाला बरं वाटावं म्हणून.” मी कालव्याकडे बघत राहिले. “मी अशी नाही हो. माझं काम असं नाही. पण तुमच्या बाबतीत मला नीट दिसतच नाही.”

बोलून गेले आणि कळलं, काय बोलून गेले. पाण्याचा आवाज येत होता. लखन सरांनी कागदांची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“मी या इमारतीत लहानाचा मोठा झालो,” ते म्हणाले. “माझी आई सालेकसाच्या रानात मोहफुलं वेचायची आणि मी इथं दोन वेळ जेवायचो. ही पडू नये असं माझ्याइतकं कुणाला वाटत नसेल. पण मॅडम, माझ्याकडे झुकू नका. झुकायचं असेल तर वर झोपतात त्यांच्याकडे झुका.”

मी मान हलवली. डोळे पुसले.

“खांबातून काँक्रीटचा तुकडा काढून तपासता येतो, तुम्हीच बोलल्या होत्या.”

“संस्था खांबाला भोक पाडू देईल?”

“मी द्यायला लावतो. तुम्ही माणसं घेऊन या.” ते जायला वळले आणि थांबले. “आणि तुमचं उत्तर येईपर्यंत मी फोन करत नाही. तुम्हीही करू नका. नीट दिसू द्या.”

तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्याचा राग आला पाहिजे होता. आला नाही. मला ते त्याआधी आवडत होते. त्या दुपारनंतर मला कळलं की आता यातून सुटका नाही.

नागपूरला जाऊन मी सरांच्या केबिनमध्ये उभी राहिले.

“सर, येनटोल्याचा हिशेब ओमेश्वरीला द्या. मी मोजमापं देते, पण कोणते आकडे धरायचे ते तिला ठरवू द्या. मी काय धरलं ते तिला सांगू नका.”

ओमेश्वरी म्हणजे ऑफिसातली माझी शेजारीण. चष्म्याआडून जगाकडे संशयाने बघणारी.

“का?” सरांनी विचारलं.

“माझं उत्तर निःपक्षपाती राहणार नाही, सर.”

“का ग? नातेवाइकांची आहे का इमारत?”

“अजून तरी नाही, सर.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “ठीक आहे,” एवढंच म्हणाले. पण मी वळले तेव्हा ते खिडकीकडे बघून हसत होते.

तीन आठवडे फोन आला नाही. मी रोज संध्याकाळी फोन चालू आहे ना हे बघत असे. माणसं जाऊन खांबांतले तुकडे काढून आली. मी मुद्दाम गेले नाही. त्यांनीच येऊन सांगितलं की मडावी सरांनी मुलींना केव्हाच बाहेर हलवलं आहे – निम्म्या जणी गावातल्या समाजमंदिरात, निम्म्या शाळेच्या जुन्या कौलारू वर्गांत. दुपारचं जेवणही आवारातल्या झाडाखाली. कुणी सांगितलं नव्हतं, अहवाल आला नव्हता. माझे दोन कागद पाहिले, त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी मुलींसोबत पेट्या उचलल्या होत्या.

मार्चच्या सुरुवातीला उत्तर आलं. काँक्रीट माझ्या सरासरीपेक्षा बरंच कच्चं निघालं. ओमेश्वरीच्या हिशेबात वरचे मजले ठीक, तळमजल्याचे नऊ खांब नापास.

“हिरवं होऊ शकलं असतं का ग?” मी तिला विचारलं.

“खोटं बोलले असते तर,” ती म्हणाली.

संस्थेची बैठक त्याच मोकळ्या सभागृहाच्या बाहेर, मांडवात झाली. सचिव चुन्नीलालजी धोतर सावरत म्हणाले, “बाई, दोन महिन्यांआधी बोलल्या पाडा. आता बोलता ठेवा, पण बांधून ठेवा. उद्या काय बोलाल?”

सगळे माझ्याकडे बघत होते. लखन सर शेवटच्या रांगेत, मान खाली घालून.

“पहिल्यांदा मी भिंती सोडल्या होत्या,” मी म्हणाले. “तशी पद्धत आहे, पण या इमारतीला ती पुरी पडत नव्हती. भिंती धरल्या तेव्हा कळलं की वरचे मजले टिकतात आणि सगळा हिसका खाली बसतो. आधी मी जागा न बघता मत दिलं, ही माझी चूक. आज देते ते तिघांनी तपासलेलं आहे. सभागृहाच्या चार कोपऱ्यांत पायापासून काँक्रीटच्या भिंती उभ्या करायच्या, नापास खांबांना सळया आणि काँक्रीटचं नवं कवच द्यायचं. आणि वरची एकही भिंत पुढे कधी न विचारता फोडायची नाही. ते होईपर्यंत आत कुणी झोपायचं नाही, जेवायचं नाही.”

“म्हणजे जेवणघर लहान होणार,” चुन्नीलालजी म्हणाले. “सगळी मुलं एका वेळी बसणार कशी?”

“नाही बसणार,” लखन सर उठून म्हणाले. “दोन पंगती करू. मला चालेल.”

“अन् वाढायचं मले आहे,” धुरपताबाई मांडवाच्या खांबाला टेकून म्हणाल्या. “मी दोनदा वाढीन. माहे हात झिजतेत काय?”

लोक हसले आणि ठराव झाला. पाडायचं नाही, पक्कं करायचं.

बैठकीनंतर मी त्यांना शोधत समाजमंदिरात गेले. मुली शाळेत होत्या. ओळीने पत्र्याच्या पेट्या मांडलेल्या होत्या, प्रत्येकीवर रंगाने नाव. लखन सर स्टुलावर उभे राहून मच्छरदाण्यांच्या दोऱ्या ताणत होते.

“अहवाल दिला,” मी दारातून म्हणाले. “सही झाली. आता माझ्या हातात त्यातलं काही नाही.”

“हो.”

“म्हणून आता बोलू शकते.”

त्यांचा हात दोरीवर थांबला.

“तुम्ही मला आवडता,” मी म्हणाले. “लग्न करावं, असे आवडता.”

बाहेर कुठेतरी शाळेची घंटा झाली. ते स्टुलावरून उतरले नाहीत. उतरायचं असतं हे बहुतेक विसरले होते.

“हे... हे कुणी तपासलं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही. हे माझं एकटीचं आहे.”

ते हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. उतरून समोर आले. हातभर अंतरावर थांबले.

“तीन आठवडे रोज फोन काढून बघत होतो,” ते म्हणाले. “रुचि मॅडमचा नंबर काढायचा अन् ठेवायचा. एक दिवस रिकाम्या वर्गात तुमच्याशी मोठ्यानं बोलून राहिलो होतो. धुरपताबाईनं ऐकलं. बोलल्या, मास्तर, खांबाशी मी बोलतो, तू माणसाशी बोल.”

“काय बोलत होता माझ्याशी?”

“तेच... जे तुम्ही आत्ता बोलल्या. पण तुम्ही एका वाक्यात बोलल्या. मला अर्धा तास लागला होता.”

“मग आता अर्धा तास बोला. मला घाई नाही.”

त्यांनी माझा हात हातात घेतला, एखादी भरलेली वाटी घ्यावी तसा, जपून. खडूची पांढरी बोटं माझ्या मनगटावर उमटली.

“रुचि,” ते म्हणाले. मॅडम न लावता, पहिल्यांदा. “तुमच्या घरी सोपं नाही जाणार. तुम्ही पवार समाजाच्या, मी गोंड आदिवासी.”

“नाही जाणार सोपं.”

“मग मी येतो. येत्या रविवारी. तुमच्या बाबांशी बोलतो.”

“काय बोलाल?”

“आधी नमस्कार. मग खरं.”

रविवारी ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना पाणी लावलेलं. माझे बाबा, मनोहरलाल, कुडव्यात हार्डवेअरचं छोटं दुकान चालवतात. कमी बोलतात आणि बोलले की परत घेत नाहीत. मी त्यांना आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्यावर त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं. आईने त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं.

समोरासमोर दोन खुर्च्या. मी पडद्याआड आईजवळ उभी. लखन सरांनी जे सांगायचं ते सांगितलं – कोण, कुठले, काय पगारावर, आणि मी त्यांना का हवी. एकही गोष्ट त्यांनी लपवली नाही. पंख्याचा आवाज.

“घरी कोण असते?” बाबांनी विचारलं.

“आई. सत्यभामा नाव आहे. दोन एकर धान आहे, ती बघते.”

“लिहिता-वाचता येते?”

“सही येते. मी शिकवली.”

आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती.

“समाजात बोलतील लोक,” बाबा म्हणाले.

“हो,” लखन सर म्हणाले. “बोलतील.”

“तुमच्याकडंही.”

“आमच्याकडंही.”

बाबांनी चहाचा कप उचलला. रिकामा होता. खाली ठेवला.

“पोरगा असता तर इंजिनीअर झाला असता, असं लोक बोलायचे,” ते सावकाश म्हणाले. “मी पोरीला केलं. तेव्हाही बोलले होते.” मग उठून उभे राहिले. “पुढल्या वेळी आईला घेऊन या. अशा बोलण्यात आई पाहिजे.”

पडद्याआड आई माझं मनगट सोडून खाली बसली. लखन सर उठले, वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडले. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. त्यांनी गाडीला किक मारली... आणि वळणावरून एकदा मागे वळून पाहत ते गेले.

बाबा दुकानात जायला दारात आले आणि खाली बघत थांबले. दारात एकच जोड होता, झिजलेल्या टाचांचा, अंगठ्याला शिवलेला. बाबांच्या नव्या कोऱ्या चपला घालून लखन सर येनटोल्याला निघून गेले होते.

मला हसू आवरेना. मी ओठ दाबून धरले. आई पदर तोंडात घालून बसली होती.

बाबांनी त्या चपलांकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी त्यात पाय घातले, एकदा टाच आपटून पाहिली, आणि त्याच घालून दुकानाकडे चालू लागले.